विश्वासणाऱ्यांमधली खरी एकता म्हणजे नक्की काय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एकता, एकी, ऐक्य, शब्द कुठलाही घ्या. प्रार्थनेत आला की सगळे जोरात आमेन म्हणतात आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये आला की सगळ्यांचे चेहरे पडतात. हे प्रश्न मला इतक्यांदा विचारले गेलेत (काही मीच मला विचारलेत) की एकदाचं सगळं एका जागी लिहून टाकतोय. मी काही थिऑलॉजीचा प्रोफेसर नाही, बायबल वाचणारा आणि बरीच वर्षं मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, भांडणं बघणारा, थोडीफार करणारा पण, असा साधा माणूस आहे.

एकता म्हणजे सगळ्यांनी सारखं असणं का?

नाही हो. युनिफॉर्म घातला की पोरं सारखी दिसतात, म्हणून त्यांचं आपसात पटतं असं थोडंच आहे.

बायबलमध्ये सगळे अगदी सारखे असल्याची एक गोष्ट आहे, उत्पत्तीच्या ११व्या अध्यायात. बाबेल. एक भाषा, एक प्लॅन, एक बुरूज, आणि हेतू काय तर आपलं नाव मोठं करायचं. ती एकी देवानेच मोडली. आता याच्या शेजारी प्रेषितांच्या कृत्यांचा २रा अध्याय ठेवा, पेंटेकॉस्टचा दिवस, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो. तिथे सगळ्यांची भाषा एक झाली का? नाही, प्रत्येकाला आपापल्या भाषेत देवाची कामं ऐकू आली. हे मला फार उशिरा लक्षात आलं. देवाने बाबेल दुरुस्त करताना परत एकच भाषा दिली नाही, वेगळेपण तसंच ठेवून लोकांना एकत्र आणलं.

प्रेषित पौल पत्रात करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, शरीराचं उदाहरण देतो ते पण हेच सांगतं. सगळं शरीर डोळाच असतं तर ऐकायचं कशाने? डोळा हाताला म्हणू शकत नाही की मला तुझी गरज नाही. हात वेगळा आहे म्हणूनच डोळ्याला त्याची गरज आहे ना.

मग ही एकता आणायची कशी?

इथेच बहुतेकांची गाडी चुकीच्या रुळावर जाते. इफिसकरांस पत्र ४:३ नीट वाचा. तिथे एकता "करा" किंवा "आणा" असं नाहीये, आत्म्याची एकता "राखायला" झटा असं आहे. राखायची म्हणजे ती आधीच आहे! आणि पुढच्या तीन वचनांत ती कशावर उभी आहे ते पौल मोजून सांगतो: एक शरीर, एक आत्मा, एक आशा, एक प्रभू, एक विश्वास, एक बाप्तिस्मा, एक देव जो सगळ्यांचा पिता. सात गोष्टी, आणि यातली एकही तुमच्या कमिटीने ठराव पास करून तयार केलेली नाही.

सख्ख्या भावंडांचं बघा ना, ती भाऊ-बहीण व्हायचं ठरवून झालेली नसतात, जन्मानेच असतात, बोलणं बंद झालं तरी नातं असतंच, फक्त घरातली शांतता जाते. तसंच हे आहे. ख्रिस्तात असलेला माणूस माझा भाऊ आहे की नाही हा प्रश्न माझ्या हातात नाही, मी त्याच्याशी भावासारखा वागतो का एवढाच माझ्या हातात आहे.

त्याच्या आधीचं वचन लोक पटकन ओलांडून जातात: नम्रता, सौम्यता, सहनशीलता, प्रीतीने एकमेकांचं सोसून घेणं. सोसून घेणं असं लिहिलंय बरं का. सगळे एकमेकांना आवडतील असं पौलाने कुठे गृहीत धरलेलंच नाही.

येशूने एकतेसाठी प्रार्थना केली होती ना, ती फळली का?

योहान १७. वधस्तंभाच्या आदल्या रात्रीची प्रार्थना. तो आधी शिष्यांसाठी मागतो आणि मग २०व्या वचनात म्हणतो की यांच्या शब्दावरून जे माझ्यावर विश्वास ठेवतील त्यांच्यासाठी पण, म्हणजे तुम्ही आणि मी. मागणं काय, तर पिता आणि पुत्र जसे एक आहेत तसे यांनी एक व्हावं, आणि कशासाठी, तर जगाने विश्वास ठेवावा म्हणून.

हे माप बघून घाम फुटतो. पिता आणि पुत्र म्हणजे दोन कंपन्यांचं मर्जर नाही. पिता पुत्र होत नाही, पुत्र पिता होत नाही, तरी प्रीती अशी की एकाचं ते दुसऱ्याचं. म्हणजे एकाने दुसऱ्याला गिळून टाकणं ही येशूच्या मनातली एकता नव्हती. आणि जगाने विश्वास ठेवावा म्हणून असं असेल तर ती जगाला दिसली पण पाहिजे, नुसतं "आम्ही आत्म्यात एक आहोत" असं म्हणून कोर्टात एकमेकांवर केसेस चालवणं याला काय अर्थ आहे. करिंथमध्ये नेमकं तेच चाललं होतं, पहिल्या पत्राचा ६वा अध्याय.

फळली का? जिथे दोघं कटुता सोडून परत एका टेबलावर बसतात तिथे फळलेली मी बघितलीय. पूर्ण फळायची आहे. इफिस ४:१३ मध्ये "आपण सगळे विश्वासाच्या एकतेला पोचेपर्यंत" असं आहे, म्हणजे ३ऱ्या वचनात जी मिळालेली आहे तीच १३व्या वचनात अजून वाढतेय. दोन्ही एकदम खरं आहे.

पहिल्या मंडळीत तरी खरी एकी होती ना? आपणच बिघडलो ना?

हा गोड गैरसमज आहे. प्रेषितांची कृत्ये ४:३२ मध्ये सगळे एकदिलाचे होते असं आहे, ते खरंच आहे, पण दोन पानं उलटा की ६व्या अध्यायात कुरबूर सुरू. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी तक्रार आली. भाषेवरून पक्षपात! आता प्रेषितांनी काय केलं ते बघा. "एकी मोडू नका, गप्प बसा" असं म्हणाले नाहीत. सात माणसं निवडायला सांगितली आणि मंडळीने जी निवडली त्यांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक नावं. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्या बाजूच्या माणसांच्या हातात वाटप दिलं. आपल्याकडे उलट होतं, तक्रार करणाऱ्यालाच पहिला कमिटीतून काढतात.

मग १५वा अध्याय, यरुशलेमची सभा. यहूदी नसलेल्यांनी विश्वास ठेवला तर सुंता करायची का? भरपूर वादविवाद झाला असं कृत्यांचा लेखक लूक सरळ लिहितो. पेत्र बोलला, पौल-बर्णबा बोलले, याकोबाने शास्त्र काढलं, आणि ठरलं की सुंतेचं ओझं घालायचं नाही, पण मूर्तींचे नैवेद्य, रक्त, गुदमरून मारलेले प्राणी आणि जारकर्म यांपासून लांब राहा. तारणाच्या मुद्द्यावर एक इंच मागे नाही आणि एकत्र जेवायला अडचण येऊ नये म्हणून व्यवहारात थोडं थोडं सांभाळून घेणं. मला तर हा निर्णय आजही कोणत्याही पंथाच्या कॉन्फरन्सपेक्षा भारी वाटतो.

करिंथबद्दल बोलायलाच नको. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा (म्हणजे पेत्राचा), आणि एक गट "मी ख्रिस्ताचा" म्हणणारा. हा शेवटचा ऐकायला सगळ्यात बरा वाटतो पण पौलाने त्यालाही त्याच ओळीत बसवलंय. आम्ही कुठल्याच पंथाचे नाही, आम्ही फक्त बायबलचे, असं म्हणत म्हणत स्वतःचा सगळ्यात घट्ट पंथ करणारे लोक तुम्ही पण बघितले असतील.

एका छपराखाली आलो की एकी झाली का?

यरुशलेममधलं पवित्र कबरेचं चर्च आठवा, येशूच्या वधस्तंभाची आणि कबरेची जागा म्हणून मानतात ते. एका इमारतीत सहा जुन्या मंडळ्या: ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियन आणि इथिओपियन. कुणी कुठला कोपरा झाडायचा, कधी उपासना करायची हे १८५२ मध्ये ऑटोमन सुलतानाने जसं होतं तसं गोठवून टाकलं, त्याला स्टेटस को म्हणतात. दर्शनी भिंतीवर खिडकीखाली एक लाकडी शिडी शतकांपासून तिथेच उभी आहे कारण ती हलवायची तर सगळ्यांची संमती पाहिजे. आणि दाराची किल्ली पिढ्यानपिढ्या एका मुस्लिम घराण्याकडे, दार उघडायचं काम दुसऱ्या मुस्लिम घराण्याकडे. हसावं की रडावं.

पण पूर्ण गोष्ट सांगायची तर कबरेवरची छोटी वास्तू पडायला आली तेव्हा २०१६ मध्ये ग्रीक, कॅथलिक आणि आर्मेनियन यांनी मिळून दुरुस्ती सुरू केली आणि २०१७ मध्ये पुरी पण केली.

इतके पंथ झालेच कशाला?

कारणं एक नाहीत. काही ठिकाणी खरंच सत्याचा प्रश्न होता. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेत, पुत्र हा निर्माण केलेला की पित्याच्याच तत्त्वाचा, हा वाद झाला. तो चुकला असता तर येशू कोण हेच बदललं असतं. ४५१ च्या कॅल्सिडॉन परिषदेनंतर कॉप्टिक, आर्मेनियन, सिरियन मंडळ्या वेगळ्या पडल्या, तिथे सिद्धांताबरोबर भाषा आणि राजकारण पण होतं. १०५४ मध्ये रोमच्या दूताने कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाच्या वेदीवर बहिष्काराचं पत्र ठेवलं, तिकडून पण बहिष्कार. तो बहिष्कार दोघांनी मागे घेतला ७ डिसेंबर १९६५ ला. ९११ वर्षं! पोप पॉल सहावे आणि पॅट्रिआर्क अथेनागोरस यांनी. अजून कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात त्या विधीला) एकत्र नाहीत, पण शाप तरी गेला.

आणि १५२९ ची मारबर्गची गोष्ट मला कायम टोचते. ल्यूथर आणि झ्विंगली हे दोन प्रोटेस्टंट सुधारक समोरासमोर बसले, १५ मुद्दे होते, १४ वर सहमती झाली, १५व्यातही बरंच जुळलं, फक्त प्रभुभोजनात ख्रिस्ताचं शरीर खरोखर हजर आहे की नाही यावर अडलं. आणि तिथेच वाटा वेगळ्या. १५वा मुद्दा बारीक होता असं मी म्हणत नाहीये, दोघांनाही तो मनापासून मोठा वाटत होता. पण १४ मुद्दे जुळलेल्या माणसांनी एकमेकांशी कसं वागायचं याचं उत्तर त्यांना सापडलं नाही, आपल्यालाही फारसं सापडलेलं नाही.

मग जोडायचे प्रयत्न झाले की नाही?

झालेत, भरपूर. १९१० ची एडिनबराची मिशनरी परिषद, १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमला वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस (कॅथलिक चर्च त्याचं सभासद नाही), १९४७ मध्ये अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल अशा वेगवेगळ्या परंपरांचं मिळून झालेलं चर्च ऑफ साउथ इंडिया. ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये ल्युथरन आणि कॅथलिक यांनी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो या सिद्धांतावरच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, ज्या मुद्द्यावरून १६व्या शतकात युरोप पेटला होता त्यावर. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी ऐक्याचा प्रार्थना सप्ताह असतो, १९०८ पासून चालू आहे. काहींना हे सगळं तडजोड वाटतं, काहींना आत्म्याचं काम. माझं मत असं की सह्या चांगल्याच आहेत पण शेजारच्या बाकावरचा माणूस कोणत्याच घोषणेत येत नाही.

कुठल्या गोष्टीवर अडायचं आणि कुठली सोडून द्यायची?

एक साधा फरक पौल स्वतः करतो. गलतीकरांना लिहिताना, सुवार्ताच बदलत असेल तर स्वर्गातल्या देवदूताचं पण ऐकू नका म्हणतो, इतकं कडक. आणि तोच माणूस रोमकरांस १४ मध्ये, कोण काय खातो, कोण कुठला दिवस पाळतो यावर म्हणतो की ज्याची त्याची आपल्या मनात पक्की खात्री असू द्या. एकच लेखक, दोन वेगळे सूर.

तर येशू कोण, तो मेला आणि उठला का, तारण कृपेने आहे का, हे सोडता येत नाही. आणि गिटार की ऑर्गन, उभं राहून की बसून, कुठलं भाषांतर, हे सोडता येतं. मधे एक मोठा पट्टा आहे जिथे प्रामाणिक माणसांचं वेगळं मत होतं, लहान बाळांचा बाप्तिस्मा, आत्म्याची दानं, शेवटचा काळ वगैरे. तिथे वेगवेगळ्या मंडळ्या असतील तर असू देत, पण दुसऱ्याला विश्वासातून बाहेर काढायचा अधिकार आपल्याला नाही. आपली गंमत अशी की सुवार्तेवर आपण सहसा भांडत नाही, भांडतो ते खुर्च्या कुणी लावायच्या यावरून, आणि मग त्याला सिद्धांताचा कोट घालतो.

चूक दाखवली तर एकता मोडते का?

मोडत नाही, उलट न दाखवल्याने सडते. अंत्युखियात पेत्र आधी यहूदी नसलेल्यांबरोबर जेवत होता, याकोबाकडची यहूदी माणसं आली तसा घाबरून वेगळा बसायला लागला, त्याचं बघून बर्णबा पण. पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं. गलतीकरांस २रा अध्याय. म्हणजे इथे एकी कोण मोडत होतं? बोलणारा पौल की गुपचूप टेबल बदलणारा पेत्र?

मात्र हे सार्वजनिक होतं म्हणून सार्वजनिक बोलला. तुमच्याविरुद्ध भावाने काही केलं असेल तर मत्तय १८:१५ आधी, एकट्याने त्याच्याकडे जा. मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळी. आपण बरोबर उलट्या क्रमाने जातो, आधी ग्रुपवर मेसेज, मग दोघाचौघांना फोन, आणि त्या माणसाला सगळ्यात शेवटी कळतं. मी स्वतः एका भावाशी दोन वर्षं फक्त हात जोडून "प्रभूची स्तुती असो" एवढंच बोलत होतो, बाहेरून बघणाऱ्याला वाटावं किती छान संबंध आहेत. शेवटी त्याच्या घरी गेलो तर कळलं की ज्या वाक्यावरून मी दुखावलो होतो ते त्याने माझ्याबद्दल बोललेलंच नव्हतं. दोन वर्षं फुकट.

प्रश्न विचारला की आमचे पुढारी म्हणतात "तुम्ही फूट पाडताय". खरंच पाडतोय का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारा बहुतेक वेळा हळू आवाजात विचारतो.

योहानाचं तिसरं पत्र वाचा, एका पानाचं आहे. दियत्रफेस नावाचा माणूस, पुढारपणाची हौस, प्रेषिताचं ऐकत नाही, आलेल्या बंधूंना घरात घेत नाही, घेणाऱ्यांना मंडळीतून बाहेर काढतो. पाहुण्यांना घरात घेणारे शिस्त मोडत होते असं दियत्रफेसाचंच म्हणणं असणार, पण योहान कुणाला जबाबदार धरतो ते बघा.

पैशाचा हिशोब मागणं, पोरांची सुरक्षितता विचारणं, कुणावर अत्याचार झाला तर बोलणं, पोलिसांकडे जाणं, याला फूट म्हणत नाहीत. अशा ठिकाणी "एकता राखा" म्हणजे बहुतेक वेळा "मूग गिळून बसा" एवढाच अर्थ असतो. आणि मत्तय १८ चा वापर करून पीडित माणसाला अत्याचार करणाऱ्यासमोर एकटं बसवणं तर अजिबात चालणार नाही, ते वचन त्यासाठी नाहीये. हां, दुसरी बाजू पण आहे, तीताच्या ३ऱ्या अध्यायात फूट पाडणाऱ्याला दोनदा समज देऊन मग दूर राहा असं आहे, म्हणजे खरोखर फूट पाडणारे असतात. ओळखायचं कसं? मला एक खूण कामाची वाटते, प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळालं की तो थांबतो, फूट पाडणाऱ्याला उत्तर नकोच असतं, त्याला माणसं पाहिजे असतात.

मंडळी सोडली तर मी एकता मोडली का?

पौल आणि बर्णबाचं मार्कवरून इतकं वाजलं की दोघं वेगळे झाले. मार्क आधी पंफुल्यात त्यांना अर्ध्यात सोडून गेला होता, पौल म्हणाला परत नको, बर्णबा म्हणाला न्यायचा. बर्णबा मार्कला घेऊन सायप्रसला, पौल सीलाला घेऊन सिरियाकडे. लूक कुणाचीच बाजू घेत नाही. पण खूप नंतर, तीमथ्याला दुसऱ्या पत्रात पौल लिहितो, मार्कला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे.

वेगळं काम करणं आणि वैर धरणं या दोन गोष्टी आहेत. जाताना दार आपटून गेलात की उघडं ठेवून, एवढं बघा. आणि दर दोन वर्षांनी मंडळी बदलत असाल तर मग प्रॉब्लेम प्रत्येक मंडळीतच असेल असं नाही.

दुसऱ्या पंथाच्या लोकांबरोबर प्रार्थना चालते का? प्रभुभोजन?

प्रार्थना, गरिबांची सेवा, आजाऱ्याला भेटणं, बायबल वाचन, खुशाल करा. प्रभुभोजनाचे प्रत्येक परंपरेचे नियम वेगळे आहेत, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत साधारणपणे बाहेरच्यांना देत नाहीत, पुष्कळ प्रोटेस्टंट मंडळ्यांत देतात. जिथे जाल तिथे आधी विचारा आणि नाही म्हणाले तर राग धरू नका.

सगळे एकत्र येतात पण श्रीमंत वेगळे बसतात, आपल्या लोकांतच मिसळतात. याचं काय?

हीच तर खरी परीक्षा. करिंथमध्ये प्रभुभोजनाला एक जण उपाशी आणि दुसरा पिऊन टुन्न, म्हणजे खातेपिते आधी येऊन आटपून घेत, मागून येणाऱ्या गरिबाला काही उरायचं नाही. पौल सरळ म्हणतो, तुम्ही जे खाता ते प्रभूचं भोजन नाहीच. उपासना झाली, भाकर मोडली, तरी नाही!

यरुशलेमच्या मंदिरात एक आडवी भिंत होती, तिच्यापुढे परक्याने, म्हणजे यहूदी नसलेल्याने, जायचं नाही, गेला तर स्वतःच्या मरणाला तोच जबाबदार, अशी ग्रीकमध्ये कोरलेली पाटी १८७१ मध्ये सापडलीय. पौलाला मंदिरात पकडलं ते याच आरोपावरून की त्याने एका इफिसकराला, त्रफिमाला, आत नेलं. आणि इफिसकरांस पत्रात वाक्य येतं की ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली. हे लिहिणाऱ्याला त्या भिंतीपायीच बेड्या पडल्या होत्या.

तेव्हा जात, भाषा, रंग, पगार बघून बसायची जागा ठरत असेल तर आत्म्याची एकता आहे असं गाऊन काही होत नाही.

मी एकटा काय करणार?

फिलिप्पैमध्ये युवदिया आणि सुंतुखे नावाच्या दोन बायकांचं बिनसलं होतं. दोघी साध्यासुध्या नव्हत्या, सुवार्तेसाठी पौलाच्या खांद्याला खांदा लावून झटलेल्या. पौल दोघींना वेगवेगळी विनंती करतो, युवदियाला विनंती करतो, सुंतुखेला विनंती करतो, क्रियापद दोनदा, म्हणजे कुणाला आधी कुणाला मागे असं नको. पत्र मंडळीत मोठ्याने वाचलं जायचं, तेव्हा दोघी तिथेच कुठेतरी बसलेल्या असणार, आणि कुणाची चूक यावर पत्रात एक अक्षर नाही.

आणि मग लगेच तो तिसऱ्याच कुणाला तरी म्हणतो, माझ्या खऱ्या सोबत्या, या दोघींना मदत कर. त्या सोबत्याचं नाव पौलाने लिहिलेलं नाही.